आईचा पदर आणि विचाराचे पदर

मराठीत ‘लळा’ हा फार सुंदर शब्द आहे. माया, जिव्हाळा, ओढ या सगळ्यांच्या जवळचा, तरी थोडा वेगळा. लळा लावावा लागतो आणि एकदा लागला की तो सहजी सुटत नाही. इंग्रजी मानसशास्त्रात ‘अटॅचमेंट’ नावाची एक कल्पना गेली साठ-सत्तर वर्षं गाजते आहे. तिला आपल्याकडे निरनिराळे जड प्रतिशब्द वापरतात. मी कवी माणूस आहे. मला ‘लळा’ पुरतो.

या लळ्याचा शोध माणसाला कसा लागला, त्याची हकिकत आज सांगायची आहे. ती सांगण्यामागे एक प्रश्न आहे. आपल्या गावात, नात्यात दोन तऱ्हेची माणसं दिसतात. शेताच्या धुऱ्यावरून भांडण झालं, तर एक म्हणतो, ‘मी खरा, तो खोटा, विषय संपला.’ दुसरा म्हणतो, ‘माझं नुकसान झालं हे खरंच आहे. पण त्याच्या बापाच्या वेळी मोजणीत घोळ झाला होता, हेही खरं आहे. दोघांना झेपेल असं काहीतरी काढू.’ हा दुसरा माणूस जास्त शिकलेला असतो असं नाही. पुष्कळदा तो अंगठेबहाद्दरही असतो. पण एकमेकींना छेदणाऱ्या दोन गोष्टी एकाच वेळी मनात धरून ठेवण्याची ताकद त्याच्यात असते. याला आपण बहुपदरी विचार म्हणू. हे पदर येतात कुठून? शाळेतून, पुस्तकांतून, की त्याही आधी आईच्या पदरातून?

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हा प्रश्नच कुणी विचारला नसता. तेव्हाचे पाश्चात्त्य तज्ज्ञ सांगत, मूल आईला बिलगतं ते दुधासाठी. भूक भागवणाऱ्याची त्याला सवय होते, एवढंच. जॉन वॉटसन या नामांकित अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९२८ साली बालसंगोपनावर पुस्तक लिहिलं. मुलांना कुरवाळू नका, मांडीवर घेऊ नका, असा त्याचा सल्ला होता. लाडानं मूल दुबळं होतं, ही समजूत शास्त्राच्या नावाखाली घरोघर गेली. आपल्या आज्या-पणज्यांनी हे पुस्तक वाचलं नव्हतं, हे आपलं नशीब.

या समजुतीला पहिला धक्का दिला तो पाखरांनी. आमच्या गोंदिया जिल्ह्यातल्या लोकांना हे समजावून सांगायला नको. महाराष्ट्रात सारस पक्षी आता उरला आहे तो मुख्यतः आमच्याकडे, धानाच्या बांध्यांत आणि तलाव-बोड्यांच्या काठी. सारसाची जोडी बहुधा दोन अंडी घालते आणि नर-मादी दोघंही ती उबवतात. पिल्लू अंड्यातून बाहेर आलं की लवकरच आई-बापाच्या मागे चालू लागतं. दाणे, किडे ते स्वतः टिपतं, पण आई-बापाला सोडत नाही. पुढचा विणीचा हंगाम जवळ येईपर्यंत हे त्रिकूट बांध्यांतून सोबत फिरताना दिसतं. म्हणजे पिल्लाची ओढ निव्वळ चोचीतल्या घासासाठी नसते.

ऑस्ट्रियातल्या कोनराड लॉरेन्झ यांनी हेच हंसबदकांच्या पिल्लांत पाहिलं आणि १९३५ साली लिहून ठेवलं. अंड्यातून बाहेर आल्यावर जो हलता जीव प्रथम दिसतो, त्याच्यामागे पिल्लू चालतं. मग तो जीव स्वतः लॉरेन्झ का असेना! त्यांना पुढे १९७३ साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

दुसरा धक्का दिला माकडांनी, आणि ती आपल्याच ओळखीची लाल तोंडाची माकडं होती. त्या काळात भारतातून ही माकडं हजारोंच्या संख्येनं परदेशी प्रयोगशाळांत जात. भारतानं ही निर्यात १९७८ मध्ये बंद केली. अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात हॅरी हार्लो यांनी याच जातीच्या पिल्लांना दोन खोट्या आया दिल्या. एक तारेची, तिच्या छातीशी दुधाची बाटली. दुसरी मऊ कापडात गुंडाळलेली, पण तिच्याकडे दूध नाही. पिल्लं दूध प्यायला तारेच्या आईकडे जात आणि पोट भरलं की कापडाच्या आईला येऊन बिलगत. भीती वाटली की तिलाच मिठी मारत. एकदा तिला घट्ट धरलं की धीर येई आणि मग तीच पिल्लं त्या भीतिदायक वस्तूकडे कुतूहलानं पाहू लागत. १९५८ साली हे प्रसिद्ध झालं. प्रयोग क्रूर होता यात शंका नाही. पण त्यातून एक गोष्ट लख्ख झाली. मिठी आधी येते, कुतूहल मागून येतं. माझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर या एका वाक्यात आहे.

पाखरांची आणि माकडांची ही हकिकत माणसाच्या लेकराशी जोडली ती जॉन बोल्बी या इंग्रज मानसोपचारतज्ज्ञानं. त्यांचा जन्म १९०७ चा, लंडनच्या सुखवस्तू घरातला. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे त्यांना सांभाळलं दाईनं, आणि ते चारेक वर्षांचे असताना ती दाई नोकरी सोडून गेली. ते दुःख त्यांना आयुष्यभर आठवत राहिलं. पुढे चोरी करणाऱ्या ४४ मुलांचा अभ्यास त्यांनी १९४४ साली प्रसिद्ध केला. त्यांपैकी ज्या मुलांना कुणाविषयी काही वाटेनासंच झालं होतं, त्यांतली बहुतेक लहानपणी दीर्घकाळ आईपासून तुटलेली होती. दुसऱ्या महायुद्धानं युरोपभर अनाथ मुलं मागे ठेवली, तेव्हा जागतिक आरोग्य संघटनेनं बोल्बींना त्यांच्याविषयी अहवाल लिहायला सांगितलं. तो १९५१ मध्ये आला. मुलाला अन्नाइतकीच एका भरवशाच्या माणसाची गरज असते, हे त्याचं सार.

त्या काळी ब्रिटनमधल्या रुग्णालयांत मुलाला दाखल केलं की आई-बापांना भेटायची फारशी मुभा नसे. आई आली की मूल रडतं, म्हणून आईनं येऊच नये, असं परिचारिकांचं म्हणणं. बोल्बींचे सहकारी जेम्स रॉबर्टसन यांनी रुग्णालयात राहिलेल्या दोन वर्षांच्या मुलीवर १९५२ साली एक साधा चित्रपट केला. मुलगी फार रडत नाही, पण दिवसागणिक तिचा चेहरा विझत जातो. गप्प झालेलं मूल शांत झालेलं नसतं, हे लोकांनी पडद्यावर पाहिलं. १९५९ मध्ये सरकारी समितीनं आई-बापांना मोकळेपणानं भेटू द्यावं अशी शिफारस केली.

बोल्बींच्या विचाराला निरीक्षणाचा पाया दिला तो मेरी एन्सवर्थ या बाईंनी. नवऱ्याच्या नोकरीनिमित्त त्या आफ्रिकेतल्या युगांडात गेल्या होत्या. तिथे १९५४-५५ मध्ये त्यांनी कंपालाजवळच्या खेड्यांतल्या २६ घरांत जाऊन आया आणि तान्ही मुलं काय करतात ते नुसतं पाहिलं. मला या गोष्टीचं फार अप्रूप वाटतं. हे शास्त्र प्रयोगशाळेत उगवलेलं नाही. आपल्यासारख्याच शेतकरी बायांच्या अंगणात ते उगवलं आहे. त्या अंगणांत एन्सवर्थबाईंना दिसलं की रांगणारं मूल आईला मुक्कामाचं ठाणं करतं. थोडं दूर जातं, मागे वळून पाहतं, आई आहे याची खात्री करतं, आणि आणखी पुढे जातं.

पुढे अमेरिकेत बाल्टिमोर इथे त्यांनी वीसेक मिनिटांची एक चाचणी तयार केली. अनोळखी खोलीत आई मुलाला ठेवून थोडा वेळ बाहेर जाते आणि परत येते. सगळी गोम मूल आईचं स्वागत कसं करतं यात. साधारण दोन तृतीयांश मुलं रडली, आई येताच बिलगली, निवली आणि पुन्हा खेळायला लागली. हा निश्चिंत लळा. काही मुलं बिलगली तरी निवेनात, रुसत-चिडत राहिली. हा धास्तावलेला लळा. आणि काहींनी आई आल्याचं जणू पाहिलंच नाही. ती खेळण्यात मान घालून बसली. हा अलिप्त लळा. अशा मुलांच्या छातीचे ठोके नंतर मोजले गेले तेव्हा कळलं की वरून थंड दिसणारी ही मुलं आतून तितकीच घाबरलेली असतात. पुढे यात विस्कटलेल्या लळ्याचा चौथा प्रकारही आला. जिथे जावं तिथेच भीती असली, तर लेकरानं काय करावं?

ही झाली लेकरांची गोष्ट. मोठ्या माणसांकडे हे शास्त्र वळलं ते, गंमत म्हणजे, एका वर्तमानपत्रातून. १९८५ च्या जुलैत अमेरिकेतल्या डेन्व्हर शहराच्या ‘रॉकी माउंटन न्यूज’मध्ये प्रेमाविषयी एक प्रश्नावली छापून आली. सिंडी हेझन आणि फिलिप शेव्हर या दोघांनी ती तयार केली होती. त्यांनी ६२० वाचकांची उत्तरं तपासली. ५६ टक्के वाचकांनी स्वतःला निश्चिंत गटात घातलं, २५ टक्क्यांनी अलिप्त आणि १९ टक्क्यांनी धास्तावलेल्या गटात. लेकरांत दिसलेलं प्रमाण जवळपास तेच. अर्थात, हौसेनं उत्तरं पाठवणाऱ्यांचाच हा हिशेब होता, हे विसरायचं नाही.

त्याच सुमारास मेरी मेन या संशोधक बाईंनी वेगळी वाट धरली. त्या मोठ्या माणसांना लहानपणाविषयी बोलतं करत. काय सांगतात यापेक्षा कसं सांगतात, याकडे त्यांचं लक्ष असे. ‘माझं बालपण अगदी छान होतं’ असं म्हणून पुढे एकही आठवण न सांगणारी माणसं त्यांना भेटली. सत्तरीतही आईविषयी बोलताना काल भांडण झाल्यासारखी चिडणारी माणसं आपण सगळ्यांनीच पाहिली आहेत. आणि मेनबाईंना अशीही माणसं भेटली, जी शांतपणे सांगत, ‘बाप मारायचा. ते चूकच होतं. पण तो स्वतः कसा वाढला होता, हेही मला आता कळतं.’ मंडळी, धुऱ्याच्या भांडणातला तो दुसरा माणूस इथे पुन्हा भेटतो. मार खरा आणि समजही खरी. एकीसाठी दुसरी खोडावी लागत नाही. बहुपदरी विचाराची पहिली परीक्षा आपल्याच घराच्या इतिहासात होते.

आता या विचाराचं मोजमाप कसं करायचं? कॅनडात काम करणारे पीटर स्यूडफेल्ड आणि त्यांचे विद्यार्थी फिलिप टेटलॉक यांनी १९७७ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. पहिल्या महायुद्धाआधीचा १९१४ चा पेच आणि क्युबावरून उद्भवलेला १९६२ चा पेच, या दोन्ही वेळी राष्ट्रांनी एकमेकांना काय लिहिलं, ते त्यांनी तपासलं. समोरच्याची बाजू दिसते का, आणि दोन बाजू जोडता येतात का, यावर एक ते सात असे गुण दिले. १९१४ मध्ये पेच चिघळत गेला तशी भाषा एकपदरी होत गेली आणि युद्ध पेटलं. १९६२ मध्ये दोन्ही बाजूंची भाषा बहुपदरी राहिली आणि जग वाचलं. भीती वाढली की विचाराचे पदर गळतात, असं यातून दिसलं.

लळा आणि विचार यांची गाठ नेमकी इथे पडते. ज्याच्या आत धास्ती कायम मुक्कामाला आहे, त्याची निम्मी शक्ती पहारा देण्यात जाते. त्याला लवकर निकाल हवा असतो. ‘तू माझा की त्याचा, ते आधी सांग.’ इस्राएलचे मानसशास्त्रज्ञ मारिओ मिकुलिन्सर यांनी १९९७ साली हे तपासून पाहिलं. ज्यांचा लळा निश्चिंत, ती माणसं नवी माहिती आल्यावर आपलं मत बदलायला जास्त तयार होती. विषय झटपट मिटवण्याची घाई त्यांना कमी होती. अनिश्चितता त्यांना सोसते, कारण लहानपणी त्यांनी एक गोष्ट अनुभवलेली असते. दार बंद झालं तरी आई परत येते.

पण इथे सावध राहायला हवं. अशा अभ्यासांतून दिसतो तो कल, कुणाचं नशीब नाही. दुसरं म्हणजे, बहुपदरी विचार हा नेहमीच थोर असतो असं नाही. टेटलॉक यांनीच १९९४ साली अमेरिकेतल्या गुलामगिरीच्या वादाचा अभ्यास सहकाऱ्यांसोबत प्रसिद्ध केला. त्यात सर्वांत बहुपदरी बोलत होते ते मधले, तडजोडवाले. गुलामगिरी ताबडतोब संपवा म्हणणाऱ्यांची भाषा एकपदरी होती, आणि बरोबर तीच होती. म्हणजे खरं शहाणपण कुठे दोन बाजू पाहायच्या आणि कुठे एकच, हे कळण्यात आहे.

आणि तिसरं, सर्वांत महत्त्वाचं. ज्या स्यूडफेल्ड यांनी विचाराचे पदर मोजायला शिकवलं, त्यांचं स्वतःचं बालपण कसं होतं? त्यांचा जन्म १९३५ चा, हंगेरीतल्या ज्यू कुटुंबातला. नाझींनी त्यांच्या आईला आउशविट्झच्या छावणीत मारलं. ते स्वतः रेड क्रॉसच्या अनाथालयात, खोट्या कागदपत्रांच्या आधारानं जगले. आईचा पदर असा फाटलेल्या मुलानं आयुष्य घालवलं ते माणसं भीतीतही नीट विचार कसा करतात, हे शोधण्यात.

आम्हा कवींच्या जगातलं उदाहरण इंग्रज कवी जॉन कीट्सचं. वडील गेले तेव्हा तो आठ वर्षांचा होता, आई गेली तेव्हा चौदा वर्षांचा. आजीनं आधार दिला. त्याच कीट्सनं १८१७ च्या डिसेंबरात भावांना लिहिलेल्या पत्रात थोर कवीचं लक्षण सांगितलं आहे. उत्तर शोधण्याची चिडचिड न करता शंकेत, संदिग्धतेत राहता येणं, हे ते लक्षण. पुढे मानसशास्त्र ज्याला प्रश्नावल्या लावू लागलं, ते बावीस वर्षांच्या पोरक्या मुलानं पत्रात लिहून ठेवलं होतं.

आणि आपल्या घरचं उदाहरण म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. आमच्या भागाशी त्यांचा संबंध जुना आहे. १९५४ मध्ये भंडारा मतदारसंघातून त्यांनी लोकसभेची पोटनिवडणूक लढवली होती. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यातच होतं. आमचा जिल्हा वेगळा झाला तो १ मे १९९९ ला. त्या निवडणुकीत ते हरले, ही आमच्या भागाच्या इतिहासातली बोचणारी नोंद आहे. बाबासाहेबांची आई भीमाबाई गेली तेव्हा ते पाच-सहा वर्षांचे होते. त्यांना सांभाळलं मीराआत्यानं. वडील रामजी सुभेदार मुलाच्या पुस्तकांसाठी लग्न झालेल्या मुलींकडून पैसे, प्रसंगी गहाण टाकायला दागिना घेत, असं चरित्रात आहे. घराबाहेरचं जग पाण्याच्या घोटासाठीही अपमान करत होतं. घरात मात्र आत्याची मांडी होती आणि मुलाच्या अभ्यासासाठी जागणारा बाप होता.

मी बाबासाहेबांच्या मनाचं निदान करायला बसलेलो नाही. तो माझा अधिकार नाही. नोंद एवढीच करतो की अस्पृश्यतेच्या बाबतीत त्यांनी दुसरी बाजू मानली नाही आणि मानायचं कारणही नव्हतं. पण २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत बोलताना त्यांनी देशाला बजावलं ते बहुपदरी विचाराचा कळस आहे. राजकारणात समता आणि समाजात, अर्थकारणात विषमता, अशा विसंगतीत आपण २६ जानेवारी १९५० पासून पाऊल टाकतो आहोत, असं ते म्हणाले. संविधान पूर्ण झाल्याचा आनंद खरा आणि त्याखालचा धोकाही खरा. दोन्ही एकाच भाषणात.

या तिन्ही आयुष्यांत आई अकाली गेली. तरी विचार खुंटला नाही. मेरी मेन यांच्या परंपरेतल्या अभ्यासकांनी अशा माणसांसाठी एक शब्द वापरला, त्याला मी ‘कमावलेली निश्चिंतता’ म्हणेन. बालपण खडतर गेलं, पण पुढे कुणीतरी भरवशाचं भेटलं. आजी, आत्या, मास्तर, मित्र, जोडीदार. आणि आपली कहाणी न लपवता, न चिडता सांगता येऊ लागली. लळा उशिराही लागतो.

आमच्या मुसलमान घरांत ही गोष्ट वेगळ्या वाटेनं पोचलेली असते. पैगंबर मुहम्मद साहेबांचे वडील त्यांच्या जन्माआधीच गेले. तान्हेपणी त्यांना सांभाळलं हलीमा दाईनं. सहाव्या वर्षी आई आमिना गेल्या, आठव्या वर्षी आजोबा गेले, मग चुलत्यांनी वाढवलं. दूध पाजणारी बाई ही आईच, आणि तिची मुलं ही दूधभावंडं, हे नातं आमच्याकडे लग्नसंबंधाच्या नियमांतही पाळलं जातं. माझी नानी मोहल्ल्यातल्या एका दूधभावाची खुशाली स्वतःच्या भावाच्या आधी विचारायची. माझ्यासाठी नात्याचे पदर तिथेच सुरू झाले.

हे सगळं सांगतो आहे, कारण या शास्त्राचा आपल्याकडे एक गैरवापर फार सोपा आहे. तो म्हणजे आईला दोष देणं. मूल हट्टी, आई बाहेर जाते. मूल अभ्यासात मागे, आईचं लक्ष नाही. झाडीपट्टीत रोवणीच्या दिवसांत पहाटे बाया चिखलात उतरतात त्या अंधार पडेपर्यंत वाकलेल्या. तेंदूपत्त्याच्या हंगामात उजाडण्याआधी जंगलात. आणि गोंदिया-तिरोड्याकडे विड्या वळणाऱ्या बाईच्या मांडीवर तंबाखू-पानांचं सूप असतं. आई घरात आहे, पण मांडी रिकामी नाही. पान कापता कापता ती पायानं पाळणा हलवते. तिला बोल्बींची पुस्तकं दाखवून अपराधी ठरवायचं, यासारखा अन्याय नाही. युगांडातल्या आयाही शेतात राबणाऱ्याच होत्या आणि त्यांच्यातल्या पुष्कळ मुलांचा लळा निश्चिंत होता. माणसाचं लेकरू आजी, मावशी, थोरली बहीण अशा चार हातांत वाढत आलेलं आहे. चार हात चालतात, फक्त ते रोज बदलणारे नसावेत.

हे महाराष्ट्रात फार आधी ओळखलं ते ताराबाई मोडक यांनी. १९४५ साली त्यांनी ठाणे जिल्ह्यात बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचं काम मांडलं आणि १९५७ मध्ये ते कोसबाडच्या आदिवासी पाड्यांत नेलं. मूल शाळेत येत नसेल, तर शाळा त्याच्या अंगणात न्यायची, ही त्यांची रीत. त्यांच्या सोबतीला अनुताई वाघ होत्या. तेराव्या वर्षी विधवा झालेल्या, स्वतःचं मूल नसलेल्या या बाईंनी पाड्यापाड्यांतल्या मुलांना लळा लावला. १९७५ साली देशात एकात्मिक बालविकास योजना आली, तेव्हा गावोगावच्या केंद्राचं नाव अंगणवाडी झालं. तिच्याकडे आपण आज खिचडीच्या टोपापुरतं पाहतो. खरं तर अंगणवाडीची सेविका ही गावातल्या विड्या वळणाऱ्या आणि रोवणीला जाणाऱ्या शंभर आयांची उधार मांडी आहे. तिच्या मानधनाचा प्रश्न हा म्हणूनच उद्याच्या नागरिकांच्या विचाराचाही प्रश्न आहे.

आणखी एक जागा आहे, जिच्याविषयी आमच्या जिल्ह्यानं बोलायला हवं. विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडतात. त्या दिवसांत देवरीच्या बस थांब्यावर उभं राहून पाहा. आश्रमशाळेत निघालेली आदिवासी मुलं दिसतात, त्यांत पहिलीतली सहा वर्षांचीही असतात. हातात पत्र्याची पेटी. एखादं रडतं आणि एखादं अजिबात रडत नाही. मी तिथे कवितावाचनाला जात असे तेव्हा शिक्षक कौतुकानं सांगत, ‘हा पहिल्या दिवसापासून रडला नाही, शहाणा आहे.’ रॉबर्टसन यांच्या चित्रपटातल्या मुलीविषयी वाचल्यापासून मला त्या न रडणाऱ्याचीच जास्त काळजी वाटते.

आश्रमशाळा नकोत असं मी म्हणत नाही. जंगलातल्या लेकराला अक्षर मिळालं ते बहुतांशी त्यांच्यामुळेच. शिक्षणाची गरज खरी आणि घर तुटल्याची जखमही खरी. बहुपदरी विचार करायचा तर इथूनच करू. आयांनी हव्या तेव्हा येऊन भेटावं, महिन्याकाठी घरी जाता यावं, लहान मुलांसाठी वसतिगृहात एक अधीक्षिका असावी आणि तिची दर वर्षी बदली होऊ नये. त्या मुलांची गोंडी बोली बोलणारं एक तरी माणूस रात्री त्यांच्याजवळ असावं. यांतल्या कशालाही मोठा निधी लागत नाही. एक माणूस टिकून राहावं लागतं.

समाज म्हणून आपली भाषा दिवसेंदिवस एकपदरी होते आहे, अशी तक्रार सगळेच करतात. चर्चेत, सभेत, मोबाईलवर ‘तू आमचा की त्यांचा’ एवढाच प्रश्न उरला आहे. यावर उपाय म्हणून आपण तरुणांना वादविवाद शिकवतो, संविधानाचं वाचन करतो. ते करावंच. पण ज्या लेकराला आज कुणी उचलून घेतलेलं नाही, ते तीस वर्षांनी दुसऱ्याची बाजू उचलून धरील, ही अपेक्षा आपण कशाच्या बळावर करायची? आपल्या गल्लीत, नात्यात, शाळेत असं एखादं मूल असेल. त्याला आपण एकच गोष्ट देऊ शकतो. उद्या येईन म्हटलं, तर उद्या यायचं.